जपून ठेवलेली कृति आणि हरवलेलें माप

कैरीच्या लोणच्याची कृति आईनें वहींत लिहून दिली, मुलीनें ती जपून सासरीं नेली, आणि तरीहि लोणचें खारट झालें, असा प्रकार पुष्कळ घरीं घडतो. कृतींत चूक नसते. ‘दोन वाट्या मीठ’ असें तींत स्पष्ट लिहिलेलें असतें. पण ती वाटी माहेरच्या फडताळांत राहिलेली असते, आणि सासरची वाटी असते मोठी. वही प्रवासाला गेली, माप मागें राहिलें. संगणकावरील हिशेबांतहि हीच गोष्ट घडते. मात्र तेथें जें बिघडतें तें लोणचें नसून पिकाचा अंदाज असतो.

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा मुलूख. वणी, राळेगांव, दारव्हा, पुसद, उमरखेड अशा त्याच्या १६ तालुक्यांत हंगाम आला कीं कापसाच्या गाड्या जिनिंगकडे वळतात. तेथें सरकी वेगळी निघते आणि रुईच्या गांठी बांधल्या जातात. इतक्या क्विंटल कापसाच्या गांठी किती, हा प्रश्न शेतकऱ्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सर्वांच्या जिव्हाळ्याचा. समजा, तेथील एका विद्यार्थ्यानें हा हिशेब ‘आर’ नांवाच्या संगणकभाषेंत बसविला.

या भाषेचें कूळ अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७६ च्या सुमारास जन्मलेल्या ‘एस’ या भाषेंत आहे. जॉन चेंबर्स हे तिचे प्रमुख निर्माते. पुढें न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनीं तिच्या धर्तीवर ‘आर’ रचली. तिची पहिली पूर्ण आवृत्ति २९ फेब्रुवारी २००० रोजीं निघाली. ती विनामूल्य असल्यामुळें विद्यार्थ्यांनाहि सहज मिळते. ‘एस’ आपल्या सर्व वस्तु आपोआप तबकडीवर नोंदवीत असे. ‘आर’ मात्र चालू कामाच्या वस्तु संगणकाच्या स्मृतींत ठेवते; काम संपवून ती बंद केली कीं स्मृति रिकामी होते. म्हणून जें हवें असेल तें स्वतः जपून ठेवावें लागतें.

हिशेबाच्या ठराविक कृतीला या भाषेंत ‘फंक्शन’ म्हणतात. तें जपण्याच्या रीति तीन. ‘सेव्ह’ ही आज्ञा वस्तु तिच्या नांवासह फाईलींत ठेवते आणि ‘लोड’ ती त्याच नांवानें परत आणते. त्या नांवाची दुसरी वस्तु तेथें आधींच असेल तर ती निमूटपणें पुसली जाते. ‘सेव्हआरडीएस’ एकच वस्तु नांवाविना ठेवते. ‘रीडआरडीएस’नें ती परत घेणारा तिला हवें तें नांव देतो. तिसरी रीति म्हणजे कृति साध्या अक्षरांत लिहून ठेवणें व ‘सोर्स’ या आज्ञेनें ती वाचून घेणें.

आतां विद्यार्थ्याची कृति पाहावी. १०० क्विंटल कापूस म्हणजे १०,००० किलो. रुईचा उतारा शेंकडा ३४ धरला तर रुई ३,४०० किलो. आणि भारतांतील गांठ १७० किलोची, म्हणून गांठी बरोबर २०. उतारा त्यानें कृतीच्या आंत लिहिला; पण गांठीचें वजन ‘वजन’ या नांवानें बाहेर, कामाच्या मोकळ्या पटांगणांत ठेवलें. मग केवळ फंक्शन जपून त्याची फाईल त्यानें नागपूरच्या मित्राला पाठविली. तो मित्र अमेरिकेच्या कापसाचा अभ्यास करीत होता. तिकडची गांठ ४८० पौंडांची, म्हणजे सुमारें २१८ किलोची. आणि त्याच्या पटांगणांतहि ‘वजन’ हेंच नांव होतें. फंक्शन विनातक्रार चाललें आणि उत्तर आलें १५.६. यवतमाळच्या चार गांठींहून अधिक रुई कोणीहि चोरल्यावांचून नाहींशी झाली!

असें कां व्हावें? ‘आर’मधील प्रत्येक फंक्शन आपलें जन्मस्थान लक्षांत ठेवतें, आणि जें नांव आपल्यापाशीं नाहीं तें प्रथम तेथें शोधतें. जन्म दुसऱ्या एखाद्या फंक्शनच्या पोटीं झाला असेल, तर तें जन्मस्थान आंतील सर्व वस्तूंसह फाईलींत जातें. छोट्या कृतीची फाईल कधीं कधीं अवाढव्य होते ती यामुळेंच. पण जन्म मोकळ्या पटांगणांत झाला असेल, तर फाईलींत पटांगण जात नाहीं, त्याची केवळ खूण जाते. आणि नव्या ठिकाणीं ती खूण तेथील पटांगणाकडे बोट दाखविते. तेथें ‘वजन’ मुळींच नसतें, तर यंत्र तक्रार करून थांबलें असतें, आणि तें भाग्यच ठरलें असतें. थांबलेलें यंत्र माणसाला सावध करतें. चालतें राहून चुकणारें यंत्र त्याला गाफील ठेवतें.

उपाय अवघड नाहींत. जें माप कृतीला लागतें तें कृतीच्याच हातीं द्यावें. गांठीचें वजन फंक्शनला दरवेळीं उघडपणें सांगावें. दुसरें, मूळ कृति साध्या अक्षरांत जपावी. अक्षरांतील कृति डोळ्यांनीं वाचतां येते आणि जुन्या आवृत्तीवरहि बहुधा चालते. उलट २०१९ मधील ३.६.० या आवृत्तीपासून ‘सेव्ह’च्या फाईलीची घडण बदलली, व ती ३.५.० हून जुन्या आवृत्तींना वाचतां येत नाहीं. तिसरें, फाईलीबरोबर एक पडताळा पाठवावा: १०० क्विंटल, उतारा शेंकडा ३४, गांठ १७० किलोची, उत्तर २०. घेणाऱ्यानें रिकाम्या पटांगणांत प्रथम तो करून पाहावा आणि मगच जिल्ह्याच्या आंकड्यांना हात घालावा.

वहींत कृति उतरवून देणाऱ्या जाणत्या आया म्हणूनच ‘दोन वाट्या’ एवढ्यावर थांबत नाहींत. मुलीच्या सामानांत ती वाटीहि ठेवतात.