चढाई का अडते?



गेल्या हंगामात आमच्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी गेला होता. बिलोली तालुक्यातली पोरे ती. कोणी मांजरेकाठचा, कोणी कुंडलवाडीकडचा, दोघेतिघे घरी तेलुगू बोलणारे. पकडीत हा संघ कोणाला हार जाणारा नव्हता. डाव्या कोपऱ्यातल्या आमच्या गड्याने घोटा धरला की तो सुटत नसे. तरीही आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, आणि हरलो ते चढाईत. आदल्या दोन वर्षीही हेच घडले होते. असे का व्हावे, याचा मी पुष्कळ विचार केला. जे ध्यानी आले ते आज आपल्यापुढे, विशेषतः खेड्यापाड्यांतल्या शिक्षक बंधुभगिनींपुढे मांडतो.

आपले जुने लोक या खेळाला हुतूतू म्हणत. सीमेपलीकडे त्यालाच चेडुगुडु म्हणतात. पूर्वी तो तीन तऱ्हांनी खेळत. अमर पद्धतीत बाद झालेला गडी मैदानातच राही, गुण तेवढा मोजला जाई. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. तिसरी संजीवनी. समोरचा एक गडी बाद केला की आपला बसलेला एक गडी उठतो. आजची कबड्डी या संजीवनीवर उभी आहे, आणि आमचे दुखणेही तिथेच होते.

आमच्याकडे चढाई करणारा गडी एकच. चांगला उंच, लांब हाताचा, चपळ. बाकीचे सहाजण त्याच्या भरवशावर. तो धरला गेला की बाहेर बसे, आणि त्याला उठवायला दुसऱ्या कोणी गडी टिपला पाहिजे. तो टिपणार कोण? जो जाई तो निदान रेषा कशीबशी ओलांडून परत येई. आपण म्हणाल, पकड चांगली होती ना, मग पकडीने उठवावा. बरोबर आहे, परंतु समोरचा संघही शहाणा असतो. आपला हुकमी गडी बाहेर बसला आहे हे पाहिले की तोही अंगाला अंग लागू न देता नुसती रेषा ओलांडून परत जातो. जवळ आलाच नाही तर पकडायचे कोणाला? बोनस गुण मिळवावा म्हटले, तर बोनसने गडी उठत नाही. त्यात लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद, असा नियम आता लागला आहे. त्या तिसऱ्या चढाईला आमची पोरे एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

साधा हिशेब करून पाहा. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे ४० मिनिटांचा. एक चढाई ३० सेकंदांची. प्रत्येक संघाच्या वाट्याला चाळीसएक चढाया येतात. त्या एकट्या पोराने किती कराव्यात? मोटेला एकच बैल जुंपावा तशी गत.

आता माझी चूक सांगतो. त्या कोपऱ्यातल्या गड्याला मी एकदा विचारले, “अरे, पाय तुझे इतके चपळ, तू चढाईला का जात नाहीस?” तो खाली मान घालून म्हणाला, “सर, गेलो अन् पकडलो गेलो, तर तुम्ही समद्यांम्होरं बोलताव. त्यापक्षी कोपराच बरा हाय मला.” मी गप्प झालो. खरेच होते ते. हुकमी गडी बाद झाला तर मी “असू दे” म्हणत असे, आणि दुसरा बाद झाला की त्याच्यावर ओरडत असे. पोरांच्या मनात भीती मीच पेरली होती.

एकट्यादुकट्या खेड्यातच असे होते असे मात्र नव्हे. आशियाई क्रीडा स्पर्धांत १९९० पासून २०१४ पर्यंत पुरुष कबड्डीचे प्रत्येक सुवर्णपदक भारताचे होते. २०१८ साली जाकार्ता येथे उपांत्य सामन्यात इराणच्या पकडीपुढे आपल्या चढाया थंडावल्या. चाळीस मिनिटांत आपले गुण १८, त्यांचे २७. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच २७–२४ असा जिंकला, आणि त्या इराणी मुलींना तयार करणाऱ्या होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! त्यांनी त्या मुलींकडून योगासने आणि प्राणायामही करवून घेतला होता. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आपण दोन्ही सुवर्णपदके परत आणली; पण महिलांचा अंतिम सामना अवघ्या एका गुणाने, २६–२५ असा जिंकला, हे विसरू नये.

यंदा आम्ही सराव बदलला आहे. रोज सातही गड्यांनी चढाई करायचीच, कोपऱ्यातल्यांनीही. पहिले पंधरा दिवस गुण मोजलेच नाहीत. धरला गेला तर मी काही बोलत नाही. तो स्वतःच सांगतो, पाऊल कुठे अडकले ते. दमासाठी सकाळी धावणे आणि एका श्वासात “कबड्डी” घोकत मैदानाची फेरी. पायाचा अंगठा पुढे सरकवून गडी टिपायला जमीन गुळगुळीत हवी. आपली काळी माती उन्हाने भेगाळते, म्हणून पोरांनी वर चाळलेली माती पसरून पाणी मारले. शाळेतही हे सहज होण्यासारखे आहे. चुन्याच्या रेघांवाचून खर्च नाही.

अडचण आहे ती वेळेची. सामन्यांचे दिवस आणि सोयाबीनच्या काढणीचे दिवस एकच. एका गड्याचे वडील मला म्हणाले, “मास्तर, खेळून काय मिळायलंय?” शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव आहेत, हे मी त्यांना सांगितले, पण त्यासाठी पार वरच्या पातळीवर चमकावे लागते, हेही लपवले नाही. पहिल्या फेरीत हरणाऱ्याला त्याचा काय उपयोग? ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, “सकाळी सातच्या आत सोडत असाल तर घ्या.” तेव्हापासून आमचा सराव साडेपाचला, दिवस उगवायच्या आधी, बल्बच्या उजेडात सुरू होतो.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या संघाशी एक साधा सामना खेळलो. आमचा हुकमी गडी लवकरच बाहेर बसला. तिसऱ्या चढाईला कोणी कोणाकडे पाहिले नाही. कोपऱ्यातला पोरगा आपणहून निघाला आणि पाठीमागे लाथ मारून एक गडी टिपून आला. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. येताना गाडीत ती पोरे त्या लाथेबद्दलच बोलत होती. खरे सामने दिवाळीच्या आधी आहेत.