पोटाचं जुनं दुखणं आणि डॉक्टरची पारख

बायांनो, टेंभुर्णीहून आम्ही गटातल्या मैत्रिणी बोलतोय. हातातलं काम चालू द्या, कान मात्र इकडं द्या. आज विषय आहे पोटाचा. एखाद्या दिवसाच्या अजीर्णाबद्दल आम्ही बोलत नाही. जे दुखणं सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष पाठ सोडत नाही, त्याबद्दल बोलायचंय. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, जेवलं की कळ, छातीत जळजळ, पोट फुगणं, संडासवाटे आव नाहीतर रक्त.

हे दुखणं आपण लवकर बोलत नाही. परसाकडचं चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून अंगावर काढतो. फारच झालं की सुई घेतो, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. मग कुणी म्हणतं चिखलीला जा, कुणी देऊळगाव राजा सांगतं, कुणी जालना. दर वेळी नवा डॉक्टर, नवी सोनोग्राफी, नव्या गोळ्या. पहिल्यानं काय दिलं ते दुसऱ्याला ठाऊक नसतं. गटातून उचललेलं कर्ज असंच संपतं आणि दुखण्याचं नावसुद्धा कळत नाही.

म्हणून आमचं सांगणं एकच. योग्य डॉक्टर तो, जो आपलं पुरतं ऐकून घेतो, पोट तपासतो, काय शंका आहे ते कागदावर लिहितो आणि आपल्या हातचं नसेल तर पुढं कुणाकडं जायचं ते चिठ्ठी देऊन सांगतो. तो जवळचा असो की लांबचा, स्वस्त असो की महाग.

दुखण्याच्या नावाचा एवढा आग्रह कशाला? कारण पोट दुखतं एकसारखं, पण आजार निरनिराळे असतात. जठरात व्रण म्हणजे अल्सर असतो. पूर्वी तो तिखटानं आणि काळजीनं होतो असंच समजत. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये जठरातले जंतू स्वतः पिऊन दाखवले आणि आजारी पडले. पुढं सिद्ध झालं की बरेचसे अल्सर या जंतूमुळं होतात आणि औषधानं बरे होतात. त्यांना व त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. गुडघ्या-कंबरेसाठी आपण रोज घेतो त्या दुखण्याच्या गोळ्यांनीही अल्सर होतो. ते डॉक्टरला सांगायलाच हवं.

दुसरं, आतड्याचा टीबी. टीबी फक्त छातीचा नसतो. त्याच्यासारखाच दिसणारा क्रोन्स नावाचा आतड्याच्या सुजेचा आजार आहे. दोन्हींत पोट दुखतं, वजन उतरतं, जुलाब होतात. पण टीबीला टीबीचीच औषधं लागतात, ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. क्रोन्सला बऱ्याचदा स्टेरॉइड देतात. टीबीच्या बाईला चुकून नुसतं स्टेरॉइड गेलं, तर टीबी पसरतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी करून आतड्याचा तुकडा तपासायला सांगितलं, तर घाबरून परत फिरू नका.

काहींना गहूच सोसत नाही, त्याला सिलिॲक म्हणतात. रक्ताच्या तपासणीत त्याचा माग लागतो. मात्र तपासणीआधीच पोळी बंद केली तर आजार सापडत नाही. आणि काहींचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, तरी पोट दुखतंच. त्याला आयबीएस म्हणतात. रिपोर्ट नॉर्मल म्हणून बाईचं दुखणं खोटं ठरत नाही. "तुमच्या मनाचं आहे" एवढं बोलून वाटेला लावणाऱ्याला विचारा, मग यावर उपाय काय?

आणखी एक गोष्ट आपल्या बायांची. पोट दुखलं की पिशवीवर बोट ठेवलं जातं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्याकडच्याही बाया कोयता घेऊन जातात. तेव्हा "पिशवी काढा" असं कुणी म्हटलं, तर घाईनं सही करू नका. दुखणं पिशवीचंच आहे कशावरून, आतड्याचं नाही कशावरून, हे विचारा आणि सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्या.

आता जायचं कुठं? सुरुवात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून. रक्त, लघवी, संडासची साधी तपासणी तिथं सांगतात. उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी ताई 'ई-संजीवनी'वरून मोठ्या डॉक्टरशी फुकट बोलणं करून देतात. पुढची पायरी जाफराबादचं ग्रामीण रुग्णालय, मग जालन्याचं जिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. त्याही पुढं छत्रपती संभाजीनगरची घाटी. ते मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. चिठ्ठी घेऊन गेलं की कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते लवकर कळतं.

खासगीत जायचं तर पाटीवरची पदवी वाचा, नाहीतर लेकीकडून वाचून घ्या. एमडी मेडिसिन म्हणजे फिजिशियन. एमएस म्हणजे सर्जन, शस्त्रक्रिया करणारे. पोटविकाराचे खास तज्ज्ञ म्हणजे गॅस्ट्रो, त्यांची पदवी बहुधा डीएम असते. पावतीवर, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक नसेल तर तिथं पैसे घालू नका. भरती व्हायला सांगितलं तर रेशनकार्ड, आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. आपला उपचार योजनेच्या यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारायचं.

डॉक्टरसमोर गेल्यावर चार प्रश्न विचारा. मला काय झालंय असं तुम्हाला वाटतं? ही तपासणी कशासाठी? ही गोळी किती दिवस? गुण आला नाही तर पुढं काय? यावर जो चिडतो, तो जुन्या दुखण्याला कामाचा नाही. जो सांगतो, त्याच्याकडं सांगितलेल्या दिवशी परत जा. पहिल्या आठवड्यात आराम पडला नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. जुन्या दुखण्याला वेळ लागतो.

जाताना एक वही न्या. दुखणं कधीपासून, कुठं, जेवणाआधी की नंतर, दिवसातून किती वेळा संडास, वजन किती उतरलं, आजवर कुठल्या गोळ्या घेतल्या, सगळं लिहा. सोनोग्राफी, रिपोर्ट, चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. भरती झालात तर कागदं मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

काही खुणांना मात्र थांबायचं नाही. संडासवाटे रक्त, डांबरासारखी काळी संडास, रक्ताची उलटी, गिळायला अडचण, कारण नसताना वजन उतरणं, झोपेतून उठवणारे जुलाब, डोळे पिवळे होणं, पंचेचाळिशीनंतर नव्यानं सुरू झालेला त्रास. यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. रक्ताची उलटी झाली, संडास काळी पडली किंवा चक्कर आली, तर १०८ला फोन करून लगेच निघा.

येत्या बैठकीत गटातल्या बायांना विचारा, कुणाचं पोट तीन महिन्यांच्या वर दुखतंय? पहिल्यांदा कुणी बोलणार नाही. दुसऱ्यांदा विचारा. जिचं दुखतं तिच्यासोबत एकीनं दवाखान्यात जायचं, वही धरायची, डॉक्टर काय बोलले ते लिहून घ्यायचं. आम्ही टेंभुर्णीत हे सुरू करतोय. तुमच्याही गटात करा आणि कसं जमलं ते आम्हाला कळवा.