संस्थेची घटना



आज आपण संस्थेच्या घटनेविषयी बोलणार आहोत. घटना म्हटले की देशाची मोठी घटना डोळ्यांपुढे येते. पण गावच्या वाचनालयालाही घटना लागते. ती चार-पाच पानांची असते. संस्था कशासाठी, कोणाची आणि ती कशी चालवायची, हे तिच्यात लिहिलेले असते.

तुम्ही म्हणाल, "आमचे सगळ्यांचे एकमत आहे. मग कागद कशाला?" अहो, एकमत आहे तोवर कागद कोणी उघडतसुद्धा नाही. तो लागतो बेबनाव झाल्यावर. समजा, एका भल्या माणसाने वाचनालयाला दोन खोल्या तोंडी दिल्या. लोकांनी वर्गणी काढून पत्रे घातले, कपाटे केली, पुस्तके आणली. दहा वर्षांनी तो गृहस्थ वारला. मुले म्हणाली, "खोल्या आमच्या वडिलांच्या. तुमचा कागद दाखवा." आता काय दाखवणार? जागा तोंडी बक्षीस देता येत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्यांचे, नोंदणी केलेले बक्षीसपत्र लागते. आणि संस्थाच कागदावर नसेल, तर बक्षीसपत्र कोणाच्या नावे करायचे? म्हणून आधी संस्था उभी करावी, मग जागा घ्यावी.

संस्था नोंदणीचा कायदा १८६० सालचा आहे. जुना आहे, पण आजही चालतो. त्यासाठी निदान सात माणसे लागतात आणि दोन कागद लागतात. पहिला कागद विधानपत्राचा. कचेरीत त्याला मेमोरँडम म्हणतात. त्यात संस्थेचे नाव, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते व व्यवसाय येतात. दुसरा कागद नियमावलीचा. तिची नक्कल खरी असल्याबद्दल मंडळातील निदान तिघांनी सह्या करायच्या. लोकहिताच्या संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालीही नोंद होते. त्याचा अर्ज तीन महिन्यांत द्यावा. महाराष्ट्रात ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या खात्याच्या कचेरीत होतात.

उद्देश लिहिताना घाई करू नका. नुसते "समाजसेवा करणे" असे लिहिले, तर कोणीही त्यात काहीही घुसडील. "अमुक आळीत वाचनालय चालवणे" एवढेच लिहिले, तर उद्या बालवाडी काढायला अडचण येईल. आज काय करायचे आणि पुढे काय करावेसे वाटेल, ते दोन्ही साध्या शब्दांत मांडा.

नियमावली म्हणजे प्रश्नांची उत्तरे. सभासद कोणाला होता येईल? बायकांना पुरुषांसारखेच मत आहे ना? वर्गणी किती? सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची? किती माणसे जमली म्हणजे सभा खरी? मंडळाची मुदत किती वर्षांची? बँकेतून पैसे कोणाच्या सह्यांनी काढायचे? एकट्याच्या सहीवर तिजोरी ठेवू नये, दोघांच्या सह्या असाव्यात. हिशेब कोण तपासणार? आणि संस्था बंद पडली तर? कर्ज फेडून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. हेही लिहून ठेवा.

पुष्कळदा लोक दुसऱ्या संस्थेची नियमावली जशीच्या तशी उतरवतात. मग एखाद्या कलमात हळूच येते : "संस्थापक हे तहहयात अध्यक्ष राहतील." वीस माणसे न वाचता सह्या करतात, कोणी अंगठा उठवतात. पुढे अध्यक्ष हिशेब दाखवीत नाही. लोक चिडतात, पण कलमावर त्यांच्याच सह्या असतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. तिची रीतसर नोंदणी १९३५ साली झाली. कर्मवीर १९५९ साली गेले, पण संस्था आजही चालू आहे. काढणारा माणूस गेल्यावरही काम पुढे चालावे, म्हणून तर घटना लिहायची.

नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे समजू नका. विश्वस्त बदलला, कोणी वारला, तर नव्वद दिवसांत कचेरीला कळवावे. नाहीतर दप्तरात गेलेल्या माणसांची नावे राहतात आणि चालत्या माणसांना अधिकार मिळत नाही. संस्थेची जागा विकायची झाली, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधीच घ्यावी लागते.

आता एक काम करा. घटनेचा मसुदा तयार झाला की सगळ्यांना बोलवा. वकील येईल, तालुक्याचा जाणता माणूस येईल, त्यांना बसू द्या. पण वाचायचे तुम्ही. एकेका कलमाचे वाचन एकेकाने करावे. अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारावा. विचारायला लाजू नये. अर्थ पटला नाही तर ते कलम बदलून घ्यावे. सगळे वाचून झाले, म्हणजे मग सही करावी. तुम्ही अक्षरे शिकलात ती याच कामासाठी.