आक्षेपांसकट वाचूया



 या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आज मला एकाच विषयावर बोलायचे आहे. वर्गात आपण ॲरिस्टॉटल संपवतो आणि बरेचदा थेट देकार्तकडे वळतो. मधल्या काळातले कॅथलिक तत्त्वज्ञान केवळ धर्मप्रचार म्हणून बाजूला ठेवले जाते. त्याचा अभ्यास पुन्हा सुरू झाला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

असा प्रयत्न पूर्वी झाला आहे. १८७९ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘एतेर्नी पात्रिस’ या परिपत्रकातून मध्ययुगीन तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या विचाराकडे वळण्याचे आवाहन केले. पुढे मेर्सिए यांनी बेल्जियममध्ये लूव्हाँ येथे आणि एत्येन जिल्सन यांनी टोरांटोत अभ्यासाची केंद्रे उभारली. अक्वायनसच्या ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्तीचा पहिला खंड १८८२ साली निघाला. ते काम आजही चालू आहे. पण त्याच काळात धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरींत क्रमिक पुस्तकांचा सुळसुळाट झाला. १९१४ मध्ये तर रोमने थॉमसवादाचे सार चोवीस सूत्रांत बांधून दिले. विद्यार्थ्यांच्या हाती उत्तरे पडली आणि प्रश्न मागेच राहिले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ही क्रमिक पुस्तके मागे पडली, तेव्हा मूळ ग्रंथांचे वाचनही ओसरले.

मूळ ग्रंथ मात्र प्रश्नांनी भरलेले आहेत. अक्वायनसच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’मधला ‘देव आहे का?’ हा प्रश्न उघडून पाहा. सुरुवातीलाच दोन आक्षेप आहेत. देव म्हणजे अनंत चांगुलपणा असेल, तर जगात वाईट उरायलाच नको. ते तर दिसते, म्हणून देव नाही. दुसरा आक्षेप असा की जगातल्या सगळ्या घडामोडींचा उलगडा निसर्ग आणि मानवी बुद्धी यांतून होतो, मग देव मानायचा कशाला? यानंतर अक्वायनस आपले पाच प्रसिद्ध युक्तिवाद मांडतो आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाला वेगळे उत्तर देतो. शांकरभाष्यातला पूर्वपक्ष वाचलेल्या आपल्या वाचकाला ही रीत ओळखीचीच वाटेल. शिवाय इब्न सीना, इब्न रुश्द हे मुसलमान आणि मायमॉनिडीझ हा यहुदी, या विचारवंतांशी अक्वायनस पानोपानी वाद-संवाद करतो. श्रद्धा पक्की असूनही दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ताकदीने मांडता येते, हे आजच्या गलक्यात शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडे या वाटेने कोणी चाललेच नाही, असे नाही. रिचर्ड द स्मेत हे बेल्जियन जेझुइट पुण्याच्या दे नोबिली कॉलेजात शिकवत. अक्वायनसच्या तालमीत तयार झालेल्या या अभ्यासकाने शंकराचार्यांच्या पद्धतीवर प्रबंध लिहिला आणि आयुष्यभर दोन्ही परंपरा शेजारी ठेवून वाचल्या.

तेव्हा माझ्या तीन विनंत्या आहेत. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून विद्यापीठांनी लॅटिन शिकण्याची सोय करावी. संस्कृत शास्त्रांचे जाणकार आणि सेमिनरींतले अध्यापक यांनी एका टेबलाशी बसून ‘सुम्मा’तला एकेक प्रश्न वाचावा. आणि ‘सुम्मा’तले निवडक प्रश्न मराठीत यावेत. हे भाषांतर करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: पाने कमी करावी लागली, तर प्रश्न कमी निवडा, पण एकही आक्षेप गाळू नका.