जहाजावरचा संदेश क्षीण का होतो?

भर समुद्रात मोबाइलचा टॉवर नसतो.
तिथे जहाजांना आधार उपग्रहाचा.
याच गरजेतून 1979 साली इन्मारसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.
इन्मारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतात.

पण मध्येच संदेश क्षीण होतो.
असं का होतं?

उपग्रहाकडून रेडिओलहर थेट अँटेनाकडे येते.
तीच लहर पाण्यावर आपटूनही येते.
दोन्ही लहरींचे चढ जुळले, तर संदेश जोरकस होतो.
एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र आले, तर तो क्षीण होतो.
उपग्रह क्षितिजालगत दिसत असेल, तर हा त्रास वाढतो.

उपाय आहे अँटेनाच्या घडणीत.
मोठी तबकडी बॅटरीच्या झोतासारखी एकाच दिशेला रोखलेली असते.
पाण्यावरून आलेली लहर ती फारशी घेत नाही.
पण जहाज सतत डोलतं.
म्हणून पांढऱ्या घुमटाआड मोटारी तबकडीला उपग्रहाकडे वळवत राहतात.

छोट्या बोटीवर एवढी जागा नसते.
तिथला लहान अँटेना चहूबाजूंच्या लहरी घेतो.
त्याला संदेशाचे चढउतार जास्त सोसावे लागतात.

तेव्हा, श्रोतेहो, लक्षात ठेवा.
दोन वाटांनी आलेल्या लहरी संदेश क्षीण करू शकतात.
नेमका रोखलेला अँटेना तो सावरतो.
वादळात सापडलेल्या खलाशाची हाक किनाऱ्यापर्यंत पोहोचायलाच हवी.
त्यासाठी ही घडण मोलाची आहे.