बाखचा एक कँटाटा : तो कसा ऐकावा

पाश्चात्य संगीत ऐकावयास बसलेला आपल्याकडील रसिक पुष्कळदां एक चूक करतो. वरची सुरावट तेवढी गाणें, आणि तिच्याखालीं जें कांहीं चाललें आहे ती सारी साथ, असें तो मनाशीं धरून बसतो. एकाच स्वररेषेचा विस्तार ऐकण्यांत मुरलेल्या कानाला ही सवय असणें स्वाभाविकच आहे. परंतु योहान सेबास्टियन बाख याच्या चर्चसंगीतापुढें ती घटकाभर बाजूस ठेवावी लागते. काउंटरपॉइंट म्हणून जी रचनापद्धति प्रसिद्ध आहे, तिच्यांत तीन-चार सुरावटी आपापल्या वाटेनें चालतात. प्रत्येकीला स्वतःचा आरंभ, स्वतःची लय, स्वतःचा विराम असतो, आणि तरीही कोणी कोणाची वाट अडवीत नाहीं.

‘वाखेट आउफ’, म्हणजे ‘जागे व्हा’, हा कँटाटा या पद्धतीचा उत्तम दाखला आहे. लाइप्झिग येथें २५ नोव्हेंबर १७३१ रोजीं तो प्रथम गाइला गेला. ज्या रविवारासाठीं तो रचला, तो रविवार ईस्टर फार लवकर आला तरच येतो. बाख १७२३ पासून १७५० पर्यंत लाइप्झिगला होता, तेवढ्या काळांत तो दोनदांच आला. त्या दिवशींची कथा वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिकांची. पांच जणींजवळ दिव्यासाठीं तेल आहे, पांच जणींजवळ नाहीं, आणि वर येतो तो मध्यरात्रीं! याच कथेवर फिलिप निकोलाय या धर्मोपदेशकानें प्लेगची भयंकर साथ पाहिल्यानंतर एक स्तोत्र लिहिलें व १५९९ मध्यें प्रसिद्ध केलें. बाखनें तेंच आधारास घेतलें.

पहिल्या कोरसांत स्तोत्राची चाल सोप्रानो लांब लांब स्वरांत गातात व हॉर्न त्यांना पाठबळ देतो. खालीं आल्टो, टेनर व बेस त्या स्थिर चालीभोंवतीं धांवपळ करतात. पहारेकऱ्यांच्या हांकेनें नगर जागें होत आहे, हें खरें तर तेच सांगतात. ‘आलेलुया’ या शब्दाशीं खालचे तिघे एकामागून एक तीच लकेर उचलून असे उसळतात कीं, मूळ चाल परत येईल कीं नाहीं अशी शंका यावी. ती येते, आणि पूर्वीच्याच संथपणें.

चौथा भाग याहून प्रसिद्ध. व्हायोलिनें व व्हायोला मिळून एकच ऐटदार चाल सुरू करतात. ती कानांत बसते न बसते तोंच टेनर स्तोत्र गाऊं लागतो, आणि त्या दोहोंचा जणूं परस्परांशीं परिचयच नाहीं! वाद्यांचें वाक्य संपतें तेथें स्तोत्राचें संपत नाहीं. प्रथम नुसतीं वाद्यें ऐकावीं, मग नुसता टेनर, आणि तिसऱ्या खेपेस दोन्हीं एकदम. पुष्कळ ठिकाणीं हा भाग अंगाईसारखा संथ वाजवितात, तें मात्र बरें नव्हे. येथें वराची स्वारी येत आहे.

गायक किती असावेत, हा या संगीतांतील मोठा वाद. बाखच्या वेळीं तेथील चर्चमध्यें वरचे आवाजही मुलेंच गात. १७३० मध्यें नगरसभेला लिहिलेल्या अर्जांत त्यानें प्रत्येक वृंदांत निदान बारा, शक्य तर सोळा गायक असावेत, असें म्हटलें होतें. पुढील शतकांत हींच गाणीं शंभर-शंभर कंठांनीं म्हटलीं जाऊं लागलीं. याउलट १९८१ मध्यें जोशुआ रिफ्किन या अमेरिकन संगीतज्ञानें प्रत्येक आवाजाला एकच गायक असे, असा पक्ष मांडला. बहुधा प्रत्येक आवाजाची एकेकच प्रत शिल्लक आहे, हा त्याचा आधार. एका प्रतीवरून तिघे गाऊं शकतात, हें प्रतिपक्षाचें उत्तर. निकाल कांहींही लागो, श्रोत्यापुरती कसोटी सोपी आहे. पहिल्या कोरसांत आल्टो व टेनर स्पष्ट ऐकूं आले पाहिजेत. शंभरांच्या गर्जनेंत पहिल्यानें बुडतात ते हेच, आणि मग उरते केवळ भव्यता.

आत्मा व ख्रिस्त यांचीं दोन युगुलगीतें या कँटाटांत आहेत. पहिल्यांत सोप्रानो व्याकुळपणें विचारते, बेस आश्वासन देतो, पण भेट व्हावयाची असते. दुसऱ्यांत दोघे ओबोच्या सोबतीनें जोडीनें गातात. त्यानंतर शेवटीं स्तोत्राची तीच चाल साध्या चार आवाजांत येते. आतां कोणी कोणाच्या पुढें धांवत नाहीं. चारही आवाज एकाच वेळीं एकच अक्षर उच्चारतात.