ग्रामसभा गेली, आता उभं कुठं राहायचं?

(लोणंद येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



भाषणाची मला सवय नाही. मी गोदीत काम करतो. जहाजावर चढलेले कंटेनर लोखंडी सळ्यांनी आवळायचे, उतरवायच्या वेळी सोडायचे. कंत्राटी काम, शिक्षण मॅट्रिक. कविता करतो, काही छापून आल्या, पुष्कळ साभार परत आल्या. तुम्ही बोलावलं ते कवी म्हणून, पण आज कविता म्हणणार नाही. आज हिशोब मांडायचाय.

माझं गाव इथनं जवळच आहे. नाव घेत नाही, कारण आई अजून तिथंच राहते. वीस वर्षं ती लोणंदला कांदा निवडायला येते. लहानपणी मी तिच्याबरोबर यायचो आणि गोणीवर झोपायचो. बाहेरच्या माणसाला लोणंद म्हटलं की दोन गोष्टी ठाऊक. निरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी इथं मुक्कामाला येते, पुढं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, ही एक. दुसरी कांदा. पण पालखीच्या आदल्या रात्री रस्ता कोण झाडतो आणि कांदा कोण निवडतो, हे बाहेरच्याला ठाऊक नाही. आतल्याला आहे, पण तो बोलत नाही.

आता कांद्याचंच घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारनं निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली. बंदी उठायला मे २०२४ उजाडला आणि शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५. त्या दिवसांत टपरीवर, पारावर, न्हाव्याच्या दुकानात दुसरं बोलणंच नव्हतं. शेतकऱ्याचं दुःख खोटं नव्हतं. मी त्याची चेष्टा करणार नाही, माझ्या मामाचा अर्धा एकर त्यात गेलाय. पण लिलाव थांबला की निवडणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी जाते. तिचा रोज किती बुडाला हे विचारणारं एकही भाषण मी ऐकलं नाही. हमालांसाठी निदान १९६९ चा माथाडी कायदा आहे. त्यासाठी भांडलेले अण्णासाहेब पाटील आपल्याच सातारा जिल्ह्यातले. माझी आई कुठल्या मंडळात? तिचं नाव कुठल्या वहीत?

गावाचं राजकारण गावाचं म्हणजे कुणाचं, ते इथं कळतं. काही लोकांचं दुखणं गावाचा प्रश्न होतं. आमचं दुखणं आमच्या घरचं राहतं.

माझी चुलती अंगठेबहाद्दर. २०१४ साली मी नववीत होतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात, हे मी कुठंतरी वाचलं आणि शहाणपणा दाखवायला घरात बोललो. चुलतीनं ते धरून ठेवलं. ग्रामसभा आली. आता ग्रामसभेची गंमत तुम्हाला ठाऊक असेल. कोरमला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी ते लागतं. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब झालेल्या सभेला कोरम लागतच नाही! मग काय, पुढल्या खेपेला दहाबारा माणसं, चहा, ठराव मंजूर. सह्या नंतर घरोघर फिरून.

चुलती त्या दहाबारांत जाऊन बसली. खुर्चीवर नाही, दाराशी. विषय संपत आले तशी उठली.

"त्या पंधरा टक्क्याचं काय केलंसा?"

सगळे हसले. एकानं विचारलं, "तुला कुणी शिकवलं?" ग्रामसेवक म्हणाला, पुढल्या सभेत माहिती देतो.

ती म्हणाली, "मग लिवून घ्या. माझं नाव लिवा."

घरी येऊन तिनं मलाच शिव्या दिल्या. म्हणाली, पाय लटपटत होते रे माझे. पण पुढच्या सभेला पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. पाचव्या सभेनंतर वस्तीत दोन दिवे लागले. एक महिन्याभरात बंद पडला. दुसरा अजून आहे. तुम्ही म्हणाल, दोन दिव्यांची काय मोठी क्रांती? नाहीच. पण इतिवृत्ताच्या वहीत आमच्या घरातल्या बाईचं नाव आहे, प्रश्नासकट आहे. आमच्या सात पिढ्यांत गावाच्या वहीत नाव चढलं ते वतनाच्या बेगारीखाली. हे पहिलं नाव प्रश्न विचारणारीचं.

हे मी लोणंदला येऊन का सांगतोय? तर २०१६ साली लोणंदची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. १७ प्रभाग, १७ नगरसेवक, मुख्याधिकारी. हे वाईट झालं असं मी म्हणत नाही. रेल्वे, बाजार, कारखाने, एवढं गाव ग्रामसेवकाच्या एका दप्तरात मावणारं नव्हतं. पण त्या बदलात एक चीज गुपचूप गेली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभा आहे, वर्षातनं चार वेळा, आणि तिथं कुठलाही मतदार उठून विचारू शकतो. नगरपंचायत १९६५ च्या कायद्याखाली चालते. तिथं सभा नगरसेवकांची. आपण फार तर बघ्ये. २००९ साली राज्यात शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद झाली. तुमच्यापैकी कितीजण क्षेत्रसभेला जाऊन बसलेत? मी मुंबईत पाच वर्षं राहतोय, मला तरी अजून कुणी बोलावलेलं नाही.

म्हणजे माझी चुलती आज लोणंदला राहत असती, तर उठून उभी कुठं राहिली असती?

तुम्ही म्हणाल, आपली राखीव जागा आहे की. आहे. १९९३ पासून घटनादुरुस्तीनं दिलेली आहे, २०११ पासून महाराष्ट्रात बायकांना निम्म्या जागा आहेत. पण सोडत निघाली की काय होतं ते बघा. आपली जागा, आपला माणूस, आणि तो कोण हे ठरतं दुसऱ्याच्या ओसरीवर. जो विहारात बोलतो त्याला तिकीट नाही. जो मान हलवतो त्याला. जातीचा दाखला आपला, पडताळणी आपली, गुलाल आपल्या अंगावर, आणि सहीचं पेन कुणाच्या खिशात? हे फक्त त्यांचं पाप नाही बरं का. आपल्यातलेच चारजण त्या ओसरीवर चपला काढून बसलेले असतात. १९७२ ला पँथर निघाली ती ह्या चपला काढण्याविरुद्ध, आणि तिच्यातनं निघालेलेही काही पुढं तिथंच जाऊन बसले. बोलायला कडू आहे, पण बोललंच पाहिजे.

ह्याच पुणे-मिरज रेल्वेच्या वाटेवर, दक्षिणेला मसूर स्टेशन आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ नि भाच्यांबरोबर साताऱ्याकडनं तिथं उतरला, वडिलांना भेटायला. जात कळल्यावर एकही गाडीवान गाडी जुंपायला तयार होईना. शेवटी एकजण तयार झाला. भाडं दुप्पट, आणि गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं चालणार. रात्रभर पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. मला त्यात राहून राहून एक गोष्ट दिसते. त्या रात्री अपमान झाला, तहान होती, पण कासरा पोरांच्या हातात होता. आज राखीव जागेच्या गाडीत आपण ऐटीत बसलोय, भाडं दुप्पटच देतोय, आणि कासरा त्याच्या हातात.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय केला. चांगलं झालं. पाटी बदलली. आता पाटीच्या आतल्या माणसांनी एकत्र बसायचं की नाही?

माझं म्हणणं साधं आहे. कायदा बोलवत नसेल तर आपण बोलवू. दर तीन महिन्यांनी वस्तीची सभा. जागा विहाराची. नगरसेवक आपला असो की दुसऱ्याचा, त्याला लेखी पत्र द्यायचं, पोच घ्यायची. आला तर सतरंजीवर बसवायचं, खुर्ची नाही. आला नाही तर 'गैरहजर' असं वहीत लिहायचं. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव लिहायचं, अंगठा असला तरी चालेल. कांदा निवडणाऱ्या बायकांचा रोज हा पहिला विषय. कारण त्या ह्या वस्तीत निम्म्याहून जास्त आहेत आणि आज ह्या सभेला पाचच आल्यात. बाकीच्या आत्ता वखारीत आहेत. म्हणजे आपण सभा ठेवली तीसुद्धा त्यांच्या कामाच्या वेळेला. ही चूक आपली. पुढची सभा रात्री आठनंतर ठेवा.

वही मी आणलीय. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर काही लिहिलेलं नाही. ती इथंच ठेवून जातो. मला रात्रीची एस्टी धरायचीय, उद्या पहिली पाळी आहे. इतिवृत्त कोण लिहिणार, तेवढं मी निघायच्या आत ठरवा.